काहिलीतले चिलखत

मौन हे व्रत आहे, असे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. चैत्राच्या सुरुवातीस, आमच्या पेठेतील तालमीच्या बैठकीत, ते स्वतः पाळण्याची उत्तम संधी मला मिळाली होती. मी ती घालवली.

मी सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, दत्तभक्त, निर्व्यसनी आणि शाकाहारी मनुष्य आहे. नाव अंबादास, पेठ मला आण्णा म्हणते. मी समोरून आलो की लोक तोंडातील तंबाखू थुंकत नाहीत, गिळतात. (याला मी माझा नैतिक प्रभाव समजत असे. माझी पत्नी माई याला पोटाचा विकार म्हणते.) अशा मनुष्याला तालमीच्या बैठकीत मानाची खुर्ची मिळते. खुर्ची मिळाली की बोलावेसे वाटते. तिथेच घात होतो.

बैठक वैशाखातील शिवजयंतीच्या मिरवणुकीची होती. मिरवणुकीच्या अग्रभागी घोडेस्वार असतो आणि त्याच्या अंगात चिलखत असते. ते पुठ्ठ्याचे असते व त्याला रुपेरी रंग दिलेला असतो. गेल्या वर्षी घामाने तो रंग उतरला आणि मिरवणूक संपेपर्यंत स्वाराचे पोट चांदीचे झाले. यंदाही तेच ठरत होते. मी उठलो.

"ज्यांनी खरे घाव छातीवर घेतले, त्यांचे स्मरण आपण पुठ्ठ्याने करणार? पुठ्ठ्याचे चिलखत म्हणजे छातीवर बांधलेले असत्य आहे."

तालमीचे प्रमुख हंबीरराव यांचा कागलच्या एमआयडीसीत लोखंडी सुट्या भागांचा कारखाना आहे. ते म्हणाले, "मग खरं करूया की आण्णा! मशीनवर तासाभरात काढून देतो. स्टेनलेस! गंजायचं बी न्हाय."

इथे मी बसलो असतो, तर ही कथा घडली नसती.

"यंत्राने नाही," मी म्हणालो. "ज्या रीतीने त्या काळी झाले, त्याच रीतीने. चामडे, लोखंड आणि हाताचे श्रम."

"पर करणार कोण?"

"मी."

टाळ्या पडल्या. दिलेला शब्द मागे घेण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. (तो तडीस नेण्याचीही फारशी नाही, हे मला त्या क्षणी आठवले नाही.)

माईने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "चामडे घरात येणार?"

"देवळातील नगाऱ्यालाही चामडेच असते. ऋषी मृगाजिनावर बसत."

"नगारा देवळात असतो, स्वयंपाकघरात नाही. आणि ऋषींच्या बायकांना कुणी विचारले होते का, ते मला माहीत नाही. गच्चीवर काय करायचे ते करा. खाली येण्याआधी अंघोळ करा. अंघोळीआधी कशाला हात लावू नका. मलासुद्धा."

अटी कडक होत्या, पण धर्माला धरून होत्या. मी मान्य केल्या.

चामड्याच्या बाजारात दुकानदाराने विचारले, "पावणं, कमावलेलं देऊ का कच्चं?"

"अधिक कठीण कोणते?"

"वाळलं की कच्चं लाकडागत हुतंय. पर ओलं हाय तवर कुत्र्यास्नी जपा. आनि वाळताना आवळतंय बरं का, लई आवळतंय."

"चिलखत आवळच असावे," मी म्हणालो. त्याने कातडे बांधून दिले. (ज्ञान देणाऱ्याला सुविचार ऐकवू नये, हा सुविचार मला नंतर सुचला.)

आता लोखंड. त्या काळचे कारागीर लोखंडाच्या छोट्या चकत्या खळग्यात ठेवून, हातोडीने ठोकून त्यांना बाक देत आणि मग त्या चामड्यावर वादीने शिवत. बाक दिल्याने शत्रूची तलवार घसरते. चकत्या मी छिन्नीने कापल्या. खळगा कुठून आणायचा, हा प्रश्न होता. श्रीगुरूंनी बुद्धी दिली. स्वयंपाकघरात माईचे बिडाचे आप्पेपात्र होते. त्यात एकाच मापाचे, गुळगुळीत, गोल खळगे ओळीने मांडलेले होते. कुठल्याही शस्त्रशाळेने हेवा करावा असे ते साधन होते.

तीन दिवस गच्चीवरून ठोकण्याचा आवाज येत होता. चौथ्या दिवशी सकाळी माई म्हणाली, "आज आप्पे करते."

मी स्नानसंध्येत अधिक वेळ घालवला. पण आप्प्यांचे पीठ वाट पाहू शकते, बायको नाही.

"अहो, पात्राला भोक कसे पडले?"

"लोखंडाने लोखंडावर..." मी सुरुवात केली.

"नाश्त्याला चिलखत खा," माई म्हणाली. त्या दिवशी मला उपवास घडला. पुण्य हिशेबात धरावे की नाही, याबद्दल मी अजून साशंक आहे.

चकत्या शिवून झाल्या. आता शेवटचे काम होते. ओले कातडे स्वाराच्या अंगावर बसवायचे, पाठीवर वादीने आवळायचे आणि उन्हात वाळवायचे, म्हणजे ते शरीराचा आकार घेते. त्या काळी हे काम लाकडी साच्यावर करीत असावेत, असा मला संशय होता. पण साचा म्हणजे पुन्हा नकलीपणा. चिलखत माणसासाठी, ते माणसावरच घडावे, हे मला अधिक नैतिक वाटले.

स्वार म्हणून सम्राटची निवड झाली होती. तो तालमीचा नामांकित मल्ल. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी सकाळी तो हंबीररावांबरोबर गच्चीवर आला. पिंपात भिजत घातलेले कातडे मी बाहेर काढले, तसा तो कठड्यापाशी जाऊन उभा राहिला.

"आण्णा, मला उलटी येतीया."

"रणांगणात याहून वाईट वास असतो."

"रणांगण चालंल, आण्णा. ह्यो वास न्हाय चालणार." जिन्यातून त्याचा आवाज आला, "माझं माप पायजे तर तुमी दोन वाकळा गुंडाळा. मीच हुतोय!"

शरीराने एवढा धिप्पाड मनुष्य मनाने इतका दुबळा असावा, याचा मला खेद झाला. पण त्याची सूचना गैर नव्हती. चिलखताखाली जाड शिवलेला अंगरखा घालण्याची जुनी रीत आहेच. दोन वाकळा मात्र माझ्या अंगावर बसेनात. मी वाळत घातलेली एकच थोरली वाकळ घेतली, ती अंगाभोवती दुहेरी गुंडाळली आणि हंबीररावांसमोर उभा राहिलो. त्यांनी कातडे चढवले आणि मागून वादी ओढली.

"किती आवळू?"

"शास्त्र म्हणते, घट्ट."

हंबीररावांनी माझ्या पाठीत गुडघा रोवला. ते एकेकाळी जिल्ह्यात कुस्ती खेळलेले आहेत. गाठी पक्क्या मारून, "संध्याकाळी येतो, हलगीवाल्याला सुपारी द्यायचीया," असे म्हणून ते निघून गेले. माई तेव्हा वाडीला दत्तदर्शनाला गेली होती. गच्चीवर मी, वैशाखाचे ऊन आणि ओले चामडे असे तिघेच उरलो.

वेळ सत्कारणी लावावा म्हणून मी नित्याचे स्तोत्र म्हणू लागलो. प्रथम एक श्लोक एका श्वासात होत होता. थोड्या वेळाने अर्धा होऊ लागला. ऊन डोक्यावर आले तेव्हा एका श्वासात एकच शब्द निघत होता, आणि तोही जोडाक्षरावर अडत होता. दुकानदाराचे बोलणे मला आठवले. सुविचार आठवला नाही.

मी मागे हात नेऊन गाठी चाचपल्या. त्या गाठी राहिल्या नव्हत्या. खडे झाले होते. वाकता येईना. बसता येईना. जिना अरुंद, आणि माझी रुंदी आता सम्राटएवढी.

मग कावळे आले. पहिला टाकीवर बसला. मग कठड्यावर ओळ लागली. शेवटी एक थेट माझ्या खांद्यावर बसला आणि त्याने चामड्याला चोच लावली. माझ्यासाठी एवढे कावळे माझ्या हयातीतच जमतील, असे मला वाटले नव्हते. शिवाय त्यांना कसलाही संकोच नव्हता. काही इच्छा राहिली आहे का, हेही कुणी विचारले नाही.

माई परतली ती हातात प्रसाद घेऊन. तिने प्रथम कावळे पाहिले, मग मला.

"अहो, हे काय?"

"चि...ल...खत," मी म्हणालो.

तिने एका क्षणात सगळे ओळखले आणि कात्री आणली. मी मान हलवून नकार दिला. उद्या मिरवणूक. पेठेसमोर दिलेला शब्द. चिलखत कापले, तर उद्या पुन्हा पुठ्ठा. आणि पुठ्ठ्याविषयी मी जे बोललो, ते मग माझ्याविषयी बोलले जाईल. हे सर्व मी एका श्वासात सांगू शकलो नाही. पण लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर सगळे सांगावे लागत नाही.

"शब्द गेला खड्ड्यात," असे म्हणून माईने कात्री लावली आणि थांबली. चामड्याच्या कडेतून एक जांभळा काठ डोकावत होता.

"ही... ही आईची वाकळ?"

माझ्या सासूबाई चिमणाबाई गारगोटीच्या. त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची ती वाकळ टाक्या टाक्याने शिवून लेकीला दिली होती. माई ती अंगावरसुद्धा घेत नाही. वर्षातून एकदा ऊन दाखवते आणि ठेवून देते. ते ऊन नेमके आज होते.

माईने कात्री खाली ठेवली. ती ओरडली असती, तर मला बरे वाटले असते.

"टाके चामड्याला चिकटले असणार. कात्री लावली तर वाकळ फाटेल," ती म्हणाली. "तुमचा शब्द राहू दे नाहीतर जाऊ दे. माझ्या आईच्या वाकळेला कात्री लागायची नाही."

आता प्रश्न केवळ माझ्या अब्रूचा उरला नाही.

माईचा निरोप मिळताच हंबीरराव चौघांना घेऊन आले. "आण्णा, कापत न्हाय म्हंजे भिजवायचं. ऊन ऊन पाण्यात बसवायचं, सैल हुईस्तवर. तुमच्या न्हाणीत तुमी मावणार न्हाय." मग त्यांनी माझी रुंदी हाताने मोजली. "गुंडूची काहील हाय."

गुंडू हा पेठेचा आचारी. मिरवणुकीच्या आदल्या सायंकाळी तालमीत मटणाचे जेवण असते आणि तो ते रांधतो. त्याची काहील मूळची गुऱ्हाळातली. पण आज वीस वर्षे तिला रस्स्याखेरीज काहीच माहीत नाही. (जन्माने गुळाची, संगतीने मटणाची. संगतीचा परिणाम या विषयावर मी याच काहिलीचा दाखला देऊन एकदा भाषण केले होते. गुंडू ते विसरला नव्हता.)

जिन्यातून मला तिरपा करून कसेबसे उतरवले, पण रिक्षात मी मावलो नाही. चौघांनी मला आडवे उचलले. वर कावळे होतेच. वाटेत एका अनोळखी गृहस्थाने चपला काढून मला हात जोडले. मी मान हलवून प्रतिनमस्कार केला. ते गृहस्थ चपला तिथेच सोडून पळाले.

तालमीच्या अंगणात चूल पेटलेली होती, काहिलीतील पाण्याला वाफ येऊ लागली होती आणि भोवती अख्खी पेठ जेवणाची वाट पाहत होती. यातील प्रत्येकाला मी कधी ना कधी मांसाहाराचे दुष्परिणाम ऐकवले आहेत. प्रत्येकाने वाट करून दिली.

"का...हील... धुतली... का?" मी विचारले. हा माझा अखेरचा धार्मिक आग्रह होता.

"राखंनं घासलीया आण्णा," गुंडू म्हणाला. "पर वास जायचा न्हाय. वीस वर्साचा हाय त्यो. बसा आता. मटण टाकायच्या आदी तुमास्नी काढतो."

मी डोळे मिटले, श्रीगुरूंचे नाव घेतले आणि काहिलीत बसलो. सासूबाईंच्या लुगड्यांसह.

पाणी ऊन होते. थोड्या वेळाने अधिक ऊन झाले. मी म्हणालो, "लाकडे ओढा." गुंडू म्हणाला, "वाईच दम धरा, शिजाय नको का?" लोक हसले. मग अंगणात एक वास पसरला. मी जन्मात मांस चाखलेले नाही, तरीही तो वास कशाचा, हे लोकांच्या चेहऱ्यांवरून मला कळले.

"आयला, पायाचा रस्साच की!"

"लई भारी सुटलाय वास!"

"आण्णा, मीठ घालू का?"

"न्हाय रं, कातडं खारवलेलंच असतंय."

एका भगिनीने कोथिंबिरीची जुडी आणून काठावर ठेवली. तिचा हेतू मी तपासला नाही. सम्राट मात्र या वेळी अगदी जवळ उभा होता आणि त्याला मुळीच उलटी येत नव्हती.

अखेर चामडे सैल झाले. हंबीररावांनी वाद्या सोडवल्या. मी बाहेर निघालो तो लाल, मऊ आणि चिकट होतो. माईने आधी वाकळ हातात घेतली, मग मला पंचा दिला. वाकळ फाटली नव्हती, पण चामडे शिजून सुटलेल्या सरसाने, म्हणजे त्या चिकट खळीने, लदबदली होती. दोन-तीन पाण्यांतून काढली तरी चिकटपणा जाईना, तेव्हा माईने ती तशीच घरी नेली आणि पिंपावर पालथी वाळत टाकली. चिलखत तालमीच्या भिंतीवर पसरले. जेवणानंतर पेठेतील कुत्रे तिथे हाडांसाठी जमतात, हे मला माहीत नव्हते. शाकाहारी मनुष्याला बऱ्याच गोष्टी माहीत नसतात.

सकाळी भिंतीखाली केवळ लोखंडाच्या चकत्या उरल्या होत्या. कुत्र्यांनी एकही खाल्ली नव्हती. चाटून मात्र सर्व लख्ख केल्या होत्या.

मी त्या पदरात, म्हणजे उपरण्यात, गोळा केल्या आणि घरी आलो. हंबीरराव मागोमाग आले. त्यांच्या काखेत गुंडाळलेला पुठ्ठा होता आणि तो मला दिसू नये म्हणून ते एका बाजूने चालत होते. त्यांचा हा सद्भाव मला पुठ्ठ्याहून अधिक लागला.

तेवढ्यात गच्चीवरून माईची हाक आली. "अहो, वर या. वाकळ उभी आहे."

वर गेलो. वाकळ खरोखरच उभी होती. पिंप बाजूला सरकवले होते आणि ती स्वतःच्या बळावर, छाती काढून, सम्राटच्या मापाची, तिथे उभी होती. सरस वाळून टणक झाला होता. हंबीररावांनी बोटाने टिचकी मारली. ठक् असा आवाज आला. त्यांनी खिशातून चावी काढून टोचून पाहिली, चावी वाकली.

"आण्णा," ते हळू आवाजात म्हणाले, "हेच की वं चिलखत."

ते खरे होते. कापडाचे अनेक थर, हाताने घातलेले दाट टाके, वर सरस. त्या काळी सर्वसामान्य शिपाई असेच चिलखत घालीत. जी रीत साधण्यासाठी मी महिनाभर लोखंड ठोकले, ती सासूबाईंनी गारगोटीच्या ओसरीवर बसून आधीच पूर्ण केली होती. माझे काम केवळ ती काहिलीत बुडवण्याचे होते.

पण वाकळ माझी नव्हती. आम्ही दोघेही माईकडे पाहू लागलो.

माईने त्या जांभळ्या काठावरून हात फिरवला. "आईला लहानपणी घोड्यावर बसायची फार हौस होती," ती म्हणाली. "तिच्या वडिलांनी बसू दिले नाही, मग नवऱ्याने नाही." तिने दाभण, हातोडी आणि दोरा मागितला. "बसू दे तिला. आणा त्या चकत्या."

सायंकाळी मिरवणूक निघाली. अग्रभागी घोडा, घोड्यावर सम्राट, सम्राटच्या अंगात चिमणाबाईंची लुगडी आणि लुगड्यांवर आप्प्यांच्या आकाराचे लोखंड. घोड्याच्या मागे पेठेतील सर्व कुत्रे शिस्तीने चालले होते. अशी निष्ठावान पलटण कुठल्याही मिरवणुकीत नव्हती. हलगी कडाडत होती. चौकात हंबीररावांनी माईक घेतला.

"आण्णांनी शबूद दिलता, खरं चिलखत दावतो! दावलं का न्हाय?"

"दावलं!" पेठ गरजली. मी छाती पुढे काढली. (ती अजून दुखत होती.)

"तर ह्या चिलखताच्या मानकरी, माई! आनि त्यांच्या आईसाब, गारगोटीच्या चिमणाबाई!"

माईला शाल आणि श्रीफळ मिळाले. तिने शाल घेतली आणि नारळ माझ्या हाती दिला. मी सत्यवादी मनुष्य आहे. माझ्या वाट्याचा सत्कार कुठे गेला, हे मी कुणाला विचारले नाही. शब्द राहिला होता, वाकळ राहिली होती. मनुष्याने याहून अधिक मागू नये. उरलेला मार्ग मी खाली मान घालून, नारळ घेऊन, कुत्र्यांच्या मागे चाललो.

मिरवणूक संपताना गुंडू गर्दीतून वाट काढीत माझ्यापर्यंत आला. वीस वर्षे मी त्याला उपदेश केला. त्याने कधी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिले नव्हते. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"आण्णा, कालच्या पांढऱ्या रस्स्याला जी चव आलती, ती मला वीस वर्सात जमली न्हाय. पातेलीच्या पातेली उडली. लोक इचारत्यात, गुंडू, मसाला कंचा?" त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "मी कुणाला सांगितलं न्हाय. ते पाणी वतून टाकायचं माझ्या जिवावर आलं बगा. आता तेवडं सांगा, पुढच्या वर्सी किती वाजता बसताय काहिलीत?"